थंडीत मटकीला मोड येत नव्हते, वर आंबूस वास यायचा

नाशिकच्या डिसेंबरात भिजवलेली मटकी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी चिकट, आंबूस, आणि मोड जेमतेम फुटलेले. मिसळीचा बेत दरवेळी बारगळायचा, नुसता वैताग.

फडकं बदललं, दुकान बदललं. घट्ट झाकणाच्या डब्यात तर वास वाढलाच.

जमलं ते असं. वाटीभर मटकी धुऊन कोमट पाण्यात ८ तास भिजवली. न फुगलेले गणंग दाणे वेचून काढले (बोटाने दाबले की कळतात, राहिले तर मिसळीत दाताखाली येतात). दह्याच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला तापवलेल्या सुईने दाण्याहून बारीक भोकं पाडली. मटकी अर्ध्या डब्यापर्यंतच भरली. डबा तिरका धरून शेवटचा थेंबही निथळू दिला. चिकटपणा इथेच थांबतो. मग पातेल्यात थोडं कोमट पाणी, त्यात उपडी वाटी, वाटीवर डबा, बूड पाण्याला न टेकता. वर ओलं फडकं, झाकण अर्धवट. सकाळ-संध्याकाळ मटकी डब्यातच धुऊन निथळायची, पातेल्यातलं पाणी बदलायचं.

दुसऱ्या संध्याकाळी अर्ध्या पेराएवढे मोड, वास नाही. तरी उकडूनच खातो, कच्ची नाही. उन्हाळ्यात पातेलं नको, नुसता भोकांचा डबा पुरतो.