विदर्भाच्या उन्हात कुंपणावर फुलवेल: निवड आणि वळण

नर्सरीत जाण्याआधी कुंपण नीट पाहा. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पश्चिमेच्या लोखंडी जाळीला दुपारी तीन वाजता हात लावा, बोट टेकवत नाही. कोवळा शेंडा त्याच तारेला टेकून उभा राहणार आहे. विस्टेरिया आणि क्लेमॅटिसचे फोटो कितीही मोहात पाडोत, त्या थंड हवेच्या वेली आहेत. इथे त्यांच्यावर पैसे घालवू नका.

दिवसभर ऊन खाणाऱ्या बाजूला बोगनवेलच लावावी. एकदा मूळ धरले की तिला पाणी कमीच लागते. उलट रोज पाणी आणि युरिया दिला की नुसता पाला माजतो. पाने किंचित मान टाकेपर्यंत थांबून मग भरपूर पाणी द्या, रंग धरेल. काटे मात्र विसरू नका. मुलांची सायकल जिथून जाते तिथे ती नको.

मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी आणि शेवटी लाल होते, रात्री वासही सुंदर. पण ती जड होते आणि मुळांतून फुटवे काढत पसरते. अँगल मजबूत असतील तरच तिला हात घाला. पातळ जाळीला आइसक्रीम वेल चांगली: तणाव्यांनी स्वतः धरते, जमिनीतल्या कंदामुळे उन्हाळ्यात वरून वाळली तरी पावसात परत फुटते, मधमाश्याही येतात. शेताच्या बांधाला मात्र लावू नका, नंतर काढता काढता जीव जातो. थंडीतले केशरी फूल हवे असेल तर संक्रांत वेल. जाई-जुईला उन्हाळ्यातही ओल लागते, म्हणून त्या पूर्वेला, नळाजवळ.

मृगाचा चांगला पाऊस झाला की लावा. दीड फुटाचा खड्डा, शेणखत, आणि काळी माती असेल तर मुरूम भरपूर, कारण पाणी साचले की बोगनवेलीची मुळे सडतात. दोन रोपांत सहा ते आठ फूट.

आता खरे काम. बहुतेक कुंपणे इथेच बिघडतात: वर छत्रीसारखा झुपका आणि खाली उघडी जाळी. वेलीचा शेंडा जोवर सरळ वर धावतो, तोवर खालचे डोळे (फुटव्यांचे अंकुर) झोपलेले राहतात. तिला काठी देऊन लवकर वर चढवा, हा सल्ला मांडवासाठी ठीक आहे. कुंपणावर वेल आडवी न्यायची असते.

रोप रुजून नवी पालवी आली की बोगनवेल, मधुमालती जमिनीपासून फूटभरावर छाटा. बेधडक छाटा. तीन-चार फुटवे येतील. ते हातभर झाले की निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे वळवा. आधी तिरपे बांधा, दोन-तीन आठवड्यांनी आणखी खाली आणा. शेंड्याचे टोक मात्र किंचित वर राहू द्या. तेही आडवे केले तर वाढ मंदावते.

वळवायची वेळ महत्त्वाची. सकाळी फांदीत पाणी भरलेले असते, बोगनवेलीचा कोवळा फुटवा तेव्हा काडकन मोडतो. दुपार उतरल्यावर, पाणी घालायच्या आधी फांदी थोडी सैल पडते, तेव्हा एक हात बुडाशी धरून दुसऱ्याने हळूहळू वाकवा. पंधरवड्यात आडव्या फांदीच्या वरच्या अंगाला ओळीने डोळे फुटतात. ते वीतभर झाले की शेंडे खुडा. पहिली ओळ गुडघ्याइतक्या उंचीवर भरली की मगच वरच्या तारेकडे जा. घाई केलीत तर खालची जागा नंतर भरत नाही.

फांद्या जाळीच्या भोकांतून आत-बाहेर विणू नका. दिसायला छान, पण दोन वर्षांत खोड जाडते, तार सालीत रुतते आणि छाटणीला फांदी बाहेर निघत नाही. जाळीच्या एकाच अंगाला ठेवा आणि सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या. बाइंडिंग तार वापरू नका. ती उन्हात तापते आणि साल कापते. सुतळी कुजून गळते, तोवर फांदी तिथे बसलेली असते.

पहिल्या वर्षी मधली जागा रिकामी दिसते. तिथे गोकर्णाच्या बिया रात्रभर भिजवून टोचा, साधारण दोन महिन्यांत निळी फुले येतात. मात्र ती बोगनवेलीवर चढू लागली की उपटा.

पहिल्या उन्हाळ्यात बुडाशी सोयाबीनचे कुटार (भुसा) चार बोटे जाड पसरा, खोडाला न टेकवता, आणि पाणी संध्याकाळी द्या. मे महिन्यात पाने गळली म्हणून लगेच रोप उपटू नका. नखाने साल खरवडून पाहा. खाली हिरवे दिसले तर जून संपेपर्यंत थांबा.