लांबच्या ड्राइव्हमध्ये गुडघे दुखतात? आधी या चुका टाळा

तीन-चार तास गाडी चालवून उतरलं आणि गुडघा पटकन सरळ झाला नाही, की दोष वयाला किंवा वजनाला दिला जातो. डॉक्टरांकडे जाण्याआधी, निदान त्यासोबत, सीट तपासा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. नेमकं कुठे दुखतंय यावरून चूक बऱ्याचदा ओळखता येते.

स्टिअरिंग बघून सीट लावणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते. गाडीत बसल्यावर आपण हात स्टिअरिंगवर ठेवतो, बॉनेट दिसतंय ना ते पाहतो आणि सीट तिथेच अडकवतो. पायांचा विचार होतच नाही. सीट फार पुढे असली की गुडघा सतत जास्त वाकलेला राहतो. गुडघा जितका वाकलेला, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. त्यात पेडल दाबायचा जोर मिळतो. वाटीच्या आसपास, समोरून दुखत असेल तर सीट पुढे किंवा फार खाली आहे का ते आधी बघा.

सीट फार मागे असेल तर उलटा त्रास होतो. क्लच तळापर्यंत नेताना पाय ताठ होतो, कंबर सरकते आणि गुडघ्याच्या मागच्या शिरा ताणल्या जातात.

सीट लावायची ती इंजिन बंद ठेवून, ज्या चपला-बुटांत गाडी चालवणार ते घालून. आधी उंची: खुबे गुडघ्यांपेक्षा खाली जाता कामा नयेत. मग कुल्ले पाठीला टेकवून क्लच पूर्ण दाबा, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक. पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. त्यानंतर पाठ, आणि स्टिअरिंग सगळ्यांत शेवटी. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान 25 सेंटिमीटर अंतर हवं, ते एअरबॅगसाठी. कमरेमागे नवी उशी घेतली तर हे सगळं पुन्हा करा, कारण उशी तुम्हाला पुढे ढकलते आणि पायांचं अंतर बदलतं.

सीटची कड गुडघ्यामागे रुतणं

गुडघ्याच्या खाचेतून पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. सीटची पुढची कड तिथे दाबत राहिली तर पाय जड होतो, मुंग्या येतात. कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर सीटचा पुढचा भाग खाली करा किंवा पाठीमागे आधार घ्या.

ही गोष्ट किरकोळ मानू नका. 1940 मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक निवाऱ्यांत रात्रभर डेक चेअरवर बसून झोपत. त्यांच्यापैकी काहींचे मृत्यू पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याने झाल्याचं कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी नोंदवलं. खुर्चीची पुढची दांडी मांड्यांखाली दाबत होती, हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं.

डावा पाय क्लचवरच ठेवणं

डावा गुडघाच दुखतो? मग गिअर बदलल्यावर पाय कुठे जातो ते बघा. क्लचवर तरंगत ठेवलेला पाय मांडीच्या स्नायूला क्षणभरही मोकळं सोडत नाही. क्लचही लवकर झिजतो, तो खर्च वेगळाच. बाजूला पाय टेकायची जागा दिलेली असते, ती वापरा. सिग्नलला क्लच दाबून थांबू नका, न्यूट्रल करा. ऑटोमॅटिक चालवणाऱ्यांची सवय निराळी: रिकामा डावा पाय सीटखाली दुमडून ठेवायचा. दुमडलेला गुडघा तासाभरात आखडतो.

उजव्या पायाची नडगी भरून येत असेल तर टाच हवेत राहते आहे. टाच जमिनीवर टेकवून चवड्याने पेडल चालवा. फार जाड तळव्याचे बूट टाळा. गुडघ्याची बाहेरची बाजू दाराला किंवा मधल्या कन्सोलला टेकून राहिली, तर तिथली नस दाबून पाऊल बधिर होतं. मध्ये मऊ पट्टी लावा. मागच्या खिशातलं पाकीट काढा. गुडघ्याला घट्ट नी-कॅप घालून तासन्‌तास बसू नका, ती वाकलेल्या गुडघ्यामागे गोळा होऊन काचते.

थांबूनही बसून राहणं

दर दोन तासांनी थांबा, असं सगळेच सांगतात. पण थांबून गाडीतच मोबाइल बघत बसलात तर पायांना काय मिळालं? पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, आणि ते चालल्यानेच होतं. पाच-दहा मिनिटं चाला, गाडीला हात टेकवून पंधरा-वीस वेळा टाचा वर उचला. वारंवार थांबावं लागेल म्हणून पाणी तोडू नका. निघतानाच वेदनाशामक गोळी घेणं मला मुळीच पटत नाही: चूक तशीच राहते आणि काही गोळ्यांनी झोपही येते.

शेजारी बसणाऱ्यांनी पायाशी बॅगा कोंबू नयेत. डॅशबोर्डवर पाय तर कधीच नको. एअरबॅग उघडली तर पायाची हाडं मोडू शकतात.

हे दुखणं सीटचं नाही

चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं. मुळात हा धोका कमी असतो. पण नुकतंच ऑपरेशन झालेले, गरोदर स्त्रिया, हार्मोनच्या गोळ्या घेणारे आणि आधी गुठळी झालेले यांनी लांब निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा, आणि तेव्हा गाडी दुसऱ्याला चालवू द्या.