जुन्या लाइनवर नवा सॉकेट

आधी हिशेब, मग स्क्रूड्रायव्हर. त्या लाइनचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) 16 अँपिअरचा असेल, तर 230 व्होल्टला सगळे सॉकेट मिळून साधारण 3,600 वॉट खेचता येतात. सॉकेट वाढवले म्हणून हा आकडा वाढत नाही. गीझरला वेगळीच लाइन हवी.

 टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून घ्या, मग मेन बंद करा आणि मगच तो जुन्या सॉकेटच्या तारांना लावा. मल्टीमीटर असेल तर उत्तम. रंगावर भरवसा नको, फेज-न्यूट्रल उलटे निघतात. अर्थिंग नसेल तर काम तिथेच थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

नवी वायर जुनीइतकीच जाड घ्या: 2.5 चौरस मिमी असेल तर तेवढीच. खरी गोम इथेच आहे. बारीक वायर तापते, पण एमसीबी पडत नाही, कारण तो जाड वायरच्या हिशेबाने बसवलेला असतो. टोक 8 ते 10 मिमी सोला. जास्त सोललं तर तांबं उघडं राहतं. कमी सोललं तर स्क्रू प्लास्टिकवर आवळला जातो, जोड सैल राहतो आणि सॉकेट काळा पडतो. प्रत्येक तार ओढून पाहा. टेप गुंडाळलेला जोड भिंतीत गाडू नका.