जुनी लक्झरी गाडी घेताय? आधी इंजिनाचा कोड विचारा

लक्झरी गाडीची किंमत दहा वर्षांत भराभर उतरते, सुट्या भागांची मात्र उतरत नाही. म्हणून ‘मर्सिडीज टिकते की बीएमडब्ल्यू?’ या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. गाड्यांच्या तक्रारी मोजणाऱ्या जे. डी. पॉवर या संस्थेच्या अमेरिकेतल्या पाहणीत 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं लेक्सस पहिली आली, हे खरं. पण ती पाहणी तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांची असते आणि तिच्यात टचस्क्रीन, फोन न जोडला जाणं अशा तक्रारीही धरलेल्या असतात. तुम्ही घेणार आठ-दहा वर्षांची गाडी. तिचं आयुष्य इंजिन, गिअरबॉक्स आणि सर्व्हिसच्या नोंदी ठरवतात.

चॅसिस नंबरवरून इंजिनाचा कोड, म्हणजे कंपनीने त्या इंजिनाला दिलेलं नाव, काढून घ्या. बीएमडब्ल्यूच्या 320डी, 520डीमध्ये एन47 डिझेल निघालं, आणि त्यातही 2007 ते 2011 मधलं, तर टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी) बदलल्याचं बिल मागा. ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. भाग फार महाग नाही, पण तिथवर पोहोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. चेन तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. गाडी रात्रभर थंड राहू द्या आणि सकाळी पहिला स्टार्ट स्वतः ऐका. इंजिनाच्या मागून घासल्यासारखा, खरखरता आवाज आला तर सौदा तिथेच सोडा. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा.

ऑडीच्या 1.8 आणि 2.0 टीएफएसआय पेट्रोल गाड्यांमध्ये ईए888 या इंजिनाची दुसरी पिढी असेल, तर प्रश्न ऑइलचा. पिस्टनच्या ऑइल रिंगची बारीक छिद्रं कार्बनने बुजतात आणि ऑइल जळू लागतं. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपेक्षा जास्त लागत असेल, तर रिंग-पिस्टनचं काम आलंच. याच इंजिनाचा जुन्या रचनेचा चेन टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बदलला आहे का, तेही विचारा. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या ओएम651 डिझेलमध्ये इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) बदलल्याची नोंद बघा. व्ही6 ओएम642मध्ये ऑइल कूलरचे सील गळतात. सील स्वस्त, पण ते दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खाचेत बसलेले असतात, त्यामुळे वरचं सगळं उतरवण्याची मजुरी भारी पडते.

गिअरबॉक्सबद्दल ‘ऑइल आयुष्यभराचं आहे’ असं सांगितलं जातं. ते मानू नका. बीएमडब्ल्यू, जॅग्वार, लँड रोव्हरमध्ये बसणारा आठ गिअरचा 8एचपी हा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किमीदरम्यान ऑइल बदलायला सांगते. अनेक मॉडेलांत फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणजे पॅनही नवा घ्यावा लागतो. ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल 30 ते 50 अंश असतानाच तपासायची. गॅरेजवाल्याला हे माहीत नसेल तर काम त्याच्याकडे देऊ नका.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारं) असेल तर संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. एक कोपरा बोटभर बसला असेल, तर रबरी बेलो (हवेची पिशवी) चिरलेला असण्याची शक्यता मोठी. गळतीमुळे हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालतो आणि जळतो. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर तोही त्याच वाटेने जातो. आधी गळती काढायची.

स्कॅन साध्या यंत्रावर नको. कंपनीचं स्वतःचं तपासणी सॉफ्टवेअर, म्हणजे मर्सिडीजसाठी झेन्ट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, ऑडीसाठी ओडिस असलेल्याकडेच जा. एकही फॉल्ट कोड नाही, पण रेडीनेस मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) अपूर्ण दिसतात, म्हणजे बहुधा कोड नुकतेच पुसले आहेत. मीटर मागे घेतलं असेल तर गाडीतल्या दुसऱ्या कंट्रोल युनिटमधला किलोमीटरचा आकडा पुष्कळदा खरं सांगतो.

दिल्लीत दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर घातलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या स्वस्त डिझेल गाड्या महाराष्ट्रात येत आल्या आहेत. एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव करा. पुराची गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाची रेघ आहे का बघा, आणि गालिचा उचला. बऱ्याच मॉडेलांत वायरिंग आणि कंट्रोल युनिट खाली, जमिनीलगत असतात. पाण्याचा बिघाड तिथे सहा-आठ महिन्यांनी डोकं वर काढतो.

खरेदीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवा. इंजिन ऑइल कंपनी म्हणते तितकं न ताणता 10,000 किमी किंवा वर्षाला बदला, तेही मॅन्युअलमधल्या मान्यतेचंच. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलमध्ये चुकीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती जळून जात नाही. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली की नवी बॅटरी गाडीत रजिस्टर करून घ्या, नाहीतर चार्जिंग जुन्याच बॅटरीच्या हिशोबाने होत राहतं. लेक्ससची ईएस 300एच हायब्रिड असेल, तर मागच्या सीटजवळची हवेची जाळी धूळ-केसांनी बुजू देऊ नका. हायब्रिड बॅटरी तिथूनच थंड होते.