त्वचेखालचा केमोपोर्ट कसा ओळखावा

केमोथेरपीच्या काही फेऱ्यांनंतर हाताच्या शिरा कडक होतात आणि परिचारिका ‘शीर मिळत नाही’ म्हणू लागतात. अशा रुग्णाच्या छातीत त्वचेखाली, शिरेत औषध देण्यासाठी, पोर्ट बसवलेला असू शकतो. नेहमीचे रुग्णालय सोडून दुसरीकडे तातडीने जावे लागले, तर तो आहे आणि कुठे आहे हे सांगणारे तिथे बहुधा घरचेच माणूस असते.

पोर्ट म्हणजे टायटॅनियमची किंवा कठीण प्लॅस्टिकची लहानशी डबी. तिच्या वरच्या तोंडाला सिलिकॉनचा जाड पडदा असतो, आणि बाजूने निघालेली मऊ नळी मानेतील किंवा कॉलरबोनखालील मोठ्या शिरेतून हृदयाजवळ पोहोचते. ही रचना ध्यानात ठेवली की बोटांना काय लागायला हवे ते आपोआप कळते.

आधी नुसते पाहावे. रुग्णाला उजेडात, शक्यतो पाठीवर निजवावे आणि कॉलरबोनच्या दोन-तीन बोटे खाली, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, साधारण १० रुपयांच्या नाण्याएवढा उंचवटा दिसतो का ते बघावे. जवळच दोन-तीन सेंटिमीटरचा व्रण असतो, आणि मानेच्या मुळाशी कधी दुसरा बारीक व्रणही असतो. स्थूल व्यक्तीत उंचवटा कधी कधी दिसतही नाही. काहींना पोर्ट दंडात बसवलेला असतो, म्हणून तिथेही पाहावे.

मग हात स्वच्छ धुऊन चाचपावे. अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये उंचवटा हलकेच धरला की कडा कठीण लागतात आणि मधोमध किंचित दबणारा पडदा जाणवतो. हा मऊ मध्यच पोर्टची खरी खूण आहे. सगळाच पृष्ठभाग कठीण लागला, तर पोर्ट उलटला असण्याची शक्यता असते. उंचवट्यापासून मानेकडे जाणारी दोरीसारखी रेघ लागली, तर ती नळी. दोन मऊ मध्य शेजारीशेजारी लागले, तर पोर्ट दुहेरी आहे. शस्त्रक्रिया ताजी असेल, किंवा जागा लाल, गरम वा दुखरी असेल, तर चाचपू नये; डॉक्टरांना दाखवावे.

गफलत होते ती बहुतेक पेसमेकरशी. तो सहसा डाव्या बाजूला असतो, पोर्टपेक्षा मोठा आणि चपटा लागतो, आणि त्याला मऊ मध्य नसतो. पोटावरचा उंचवटा औषधाच्या पंपाचा किंवा जठराभोवती बसवलेल्या पट्ट्याचा, तर कानामागचा किंवा डोक्यावरचा उंचवटा मेंदूतील पाणी वाहून नेणाऱ्या शंटचा असू शकतो. यांपैकी कशातही शिरेतले औषध द्यायचे नसते, म्हणून केवळ अंदाजाने कोणत्याही उंचवट्यात सुई घालू देऊ नये. पोर्टमध्येसुद्धा पडद्याचा तुकडा न पाडणारी ह्यूबर सुईच वापरतात, आणि ती प्रशिक्षित व्यक्तीनेच घालावी.

बोटांनी मात्र एक गोष्ट नक्की ठरवता येत नाही. सीटी स्कॅनच्या वेळी रंगद्रव्य दाबाने सोडतात आणि तो दाब सोसणारा पोर्ट वेगळा असतो. अशा काही पोर्टच्या पडद्यावर तीन बारीक उंचवटे असतात, काहींची डबी त्रिकोणी असते. तरी केवळ या खुणांवर विसंबू नये, कारण साध्या पोर्टमधून दाबाने द्रव सोडल्यास नळी फाटू शकते. शस्त्रक्रियेनंतर मिळालेले पोर्टचे कार्ड मागावे. त्यावर कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख असते. कार्डाचा फोटो रुग्णाच्या आणि घरातील आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवलेला बरा, कारण मूळ कार्ड नेमके कपाटाच्या तळाशी सापडते. कार्ड हाती नसेल, तर छातीचा एक्स-रे काढतात. दाब सोसणाऱ्या अनेक पोर्टच्या डबीवर ‘सीटी’ ही इंग्रजी अक्षरे त्यात उमटतात, आणि नळीचे टोक कुठे आहे हेही दिसते. एवढी खात्री होईपर्यंत स्कॅनसाठी हाताचीच शीर वापरावी, अशी विनंती तंत्रज्ञाला अवश्य करावी.