बल्बमधला लाल खरा किती? जुन्या डीव्हीडीतून बघा

मागे हॉलमधे नवीन एलईडी बल्ब लावला आणि आई म्हणाली, अरे देवघरातलं कुंकू विटकरी का दिसतंय? कुंकू तेच, करंडा तोच, बदलला होता फक्त बल्ब, आणि त्याच्या खोक्यावर तर मस्तपैकी सीआरआय ८० छापलेलं (सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी मार्क).

झोल असाय की त्या ८० मधे गडद लाल मोजलेलाच नसतो. सीआरआय काढतात पहिल्या आठ रंगांच्या सरासरीवर, ते आठही जरा फिक्कटच रंग, आणि गडद लाल येतो नवव्या नंबरला, त्याला आर९ म्हणतात, तो सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे पोरगं गणितात नापास आणि गणित सोडून टक्के सांगतंय, तसं. ८० वाल्या बल्बचा आर९ शून्याच्या आसपास असतो, कधीकधी मायनसमधेपण.

मुळात पांढरा एलईडी आतून निळा असतो. साधारण ४५० नॅनोमीटरची (ही उजेडाच्या लहरीची लांबी, प्रत्येक रंगाची वेगळी, पुढचे ६५०, ६३१ वगैरे आकडेपण तेच) निळी चिप आणि तिच्यावर पिवळं फॉस्फर, म्हणजे एका रंगाचा उजेड पिऊन दुसऱ्या रंगाचा सोडणारी भुकटी, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं पण लाल त्यात कमीच. तो भरून काढायला एक तर युरोपियम नावाचा धातू असलेलं नायट्राइड फॉस्फर घालतात, त्याचा लाल पसरट असतो आणि पार ६५० च्या पलीकडे सांडतो, तिथे आपल्या डोळ्याला धड दिसत नाही म्हणजे तेवढी वीज फुकट. नाहीतर फ्लुओराइड फॉस्फर, यातलं सगळ्यात चालणारं म्हणजे केएसएफ, पोटॅशियम-सिलिकॉन-फ्लुओरिनचा स्फटिक आणि त्यात काही सिलिकॉनच्या जागी बसवलेलं मँगनीज. हे निळा उजेड पितं आणि लाल सोडतं तो बारीक बारीक रेघांमधे, सगळ्यात जोरदार रेघ ६३१ च्या आसपास. हीच रेघ आपल्याला घरी पकडायचीय.

त्यासाठी डीव्हीडी लागेल, सीडी नको. चकतीवरच्या बारीक खोबणी उजेडातले रंग वेगळे फाकवतात, आणि खोबणी जितक्या जवळ तितके जास्त. सीडीच्या खोबणी एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर असतात, डीव्हीडीच्या ०.७४ वर, त्यामुळे रंग जवळजवळ तिप्पट फाकतात. लग्नाच्या शूटिंगच्या डीव्हीडी घरोघरी पडल्यात त्यातली एक घ्या (आधी कॉपी करून ठेवा, नंतर मला शिव्या नकोत). कडेला कटरचं पातं हळूच सारलं की दोन चकत्या सुट्या होतात, त्यातली जांभळट पारदर्शक ती आपली, स्पिरिटने पुसली की जांभळा रंग निघून जातो. खोबणीच्या बाजूला बोट लावू नका, ठसा राहतो. बाहेरच्या कडेजवळचा दोनेक सेंटीमीटरचा तुकडा कापा कारण तिथे खोबणी जवळपास सरळ असतात.

मग बुटाचा खोका, आतून काळा कागद. एका टोकाला उभी फट, ती दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवून करा, मधे केसाएवढी जागा. पुठ्ठा कापून केलेली फट खडबडीत होते आणि मग रेघा पुसट दिसतात, मी आधी आळस करून तेच केलं आणि तासभर डोकं खाजवत बसलो की लाल रेघ गेली कुठे. समोरच्या टोकाला रुपयाएवढं भोक, त्यावर तो तुकडा, खोबणी फटीला समांतर. आता फट बल्बकडे करा आणि भोकातून सरळ नाही तर तिरकं बघा, निळा साधारण ३७ अंशांवर आणि लाल जवळजवळ ५८ वर, म्हणजे मान चांगलीच वाकडी करावी लागते. सूर्याकडे खोका अजिबात धरायचा नाही.

साध्या बल्बमधे निळा पट्टा, मग थोडा अंधार, मग हिरवा-पिवळा आणि तो लालकडे जाता जाता विझत जातो. नायट्राइडवाल्यात लाल भरपूर पण सलग, कुठे रेघ नाही. केएसएफ असेल तर लालमधे चक्क उभ्या रेघा, मधली झगझगीत आणि दोन्ही बाजूंना फिक्या, ६१३ आणि ६४८ ला. एकदा बघितली की विसरत नाही.

एक गफलत होऊ शकते, जुन्या सीएफएलमधेपण लाल रेघ असते. पण ती ६११ ची, युरोपियमची, आणि सोबत पाऱ्याची ५४६ ची हिरवी रेघ असते. माळ्यावर सीएफएल सापडला तर उलट बरंच, मोबाईल भोकाला टेकवून न हलवता आधी सीएफएलचा फोटो काढा मग एलईडीचा, केएसएफची मुख्य रेघ सीएफएलच्या लालच्या थोडी पुढे पडली पाहिजे.

अजून एक गंमत. हे मँगनीज सुस्त आहे, निळा बंद झाला तरी त्याचा लाल आठेक मिलिसेकंद रेंगाळतो, पिवळं फॉस्फर मात्र लगेच विझतं. म्हणून स्वस्तातला, सेकंदाला १०० वेळा फडफडणारा बल्ब असेल आणि त्यात केएसएफ असेल तर मोबाईलच्या स्लो-मोशनमधे उजेड मंदावतो तेव्हा चित्र लालसर होतं.

कोणी विचारायच्या आधीच सांगतो, हे फॉस्फर घरी किंवा कॉलेजच्या साध्या लॅबमधे बनवायच्या फंदात पडू नका. नेहमीच्या पद्धतीत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड लागतं, ते काच खातं, कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम ओढतं आणि पातळ असलं तर सुरुवातीला दुखतसुद्धा नाही, कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

बल्ब घेताना सीआरआय ९० च्या वर आणि आर९ निदान ५० बघा, खोक्यावर आर९ नसेल तर कंपनीच्या डेटाशीटमधे शोधा. तिथेही नसेल तर आपला बुटाचा खोका काखेत मारून दुकानात जायचं. मी गेलो, दुकानदाराला वाटलं काहीतरी विकायला आलाय, पण पाच मिनिटांनी तोच काउंटरमागे मान वाकडी करून रेघा बघत होता. हॉलमधला तो सीआरआय ८० वाला बल्ब आता जिन्यात आहे.