ध्रुवीय अस्वलासाठी स्प्रे नागपुरातून नेऊ नका

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांचं तिकीट काढलं की पहिला प्रश्न हाच: अस्वल समोर आलं तर? आमच्या धरमपेठेतल्या भाच्याने लगेच अस्वलाला पळवायचा मिरचीचा स्प्रे मागवायला घेतला होता. पण तो डबा विमानात चालत नाही, केबिनमध्ये नाही आणि चेक-इनमध्येही नाही. फ्लेअरचंही (आवाज-उजेड करणाऱ्या इशाऱ्याच्या दारूचंही) तेच. पैसे वाया!

त्यापेक्षा असं करा:

१. लाँगइअरब्येन या तिथल्या मुख्य गावाच्या वस्तीबाहेर बंदूकधारी गाइड असलेल्या सहलीनेच जा. तिथे अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असणं सक्तीचं आहे. रायफल भाड्याने घ्यायची तर गव्हर्नरच्या कार्यालयाच्या परवानगीची भानगड.

२. पैसे भरण्याआधी विचारा: रायफलीसोबत फ्लेअर पिस्तूल आहे ना? रायफल शेवटचा उपाय, आधी आवाज आणि उजेड. फ्लेअर अस्वलाच्या पुढ्यात, म्हणजे आपल्या नि त्याच्या मधे पडायला हवा. त्याच्या पाठीमागे फुटला तर ते घाबरून आपल्याच अंगावर धावून येऊ शकतं.

ताडोब्यात जिप्सीतून जवळून फोटो काढायची सवय मात्र घरीच ठेवा. २०२५ पासून तिथे ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, १ मार्च ते ३० जून ५०० मीटर.